सत्यनारायणाच्या शिऱ्यापेक्षा टोल गोड

अहो, ऐकलंत का? या की अशा जरा कुंपणाकडं. हळू बोला, समोर गॅलरीत साहेब बसलेत. पेपर धरलाय तोंडासमोर, पण मघापासून पान काही उलटलेलं नाही. म्हणजे कान इकडंच... असू दे. काल साहेबांच्याकडं सत्यनारायणाला आला नाहीत ना तुम्ही? मग काय राहिलं तुमचं! प्रसाद राहिला म्हणून नाही म्हणत मी. शिरा कोरडाच झाला होता, केळंही बेताचंच. पण साहेबांचा चेहरा बघायला तुम्ही पाहिजे होतात.

झालं काय, आमची सोनू आलीय ना, धाकट्या बहिणीची, अमेरिकेतली... हो हो, तीच, लग्नात नऊवारीवर गॉगल घातला होता ती. पंधरा वर्षांच्या वर झाली तिकडं. बेलव्ह्यूला राहते, सिएटलच्या अलीकडं, आणि दोन्हींच्या मध्ये हा एवढा तलाव. आपला कोल्हापूरचा रंकाळा किती वेळा बसेल गं त्यात, म्हटलं, तर हसली आणि म्हणाली, मावशी, मोजू नकोस, वाईट वाटेल तुला. तर तिला घेऊन गेले पूजेला. गुरुजी यायचे होते, आम्ही आत तुळशी निवडतोय, बाहेर पुरुषांची बैठक. कुणीतरी सहज विचारलं, काय, प्रवास कसा झाला? ती म्हणाली, पुण्याहून येताना चार टोल लागले, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. आणि रस्ता निम्मा उकरलेला. ज्या रस्त्याचं काम चाललंय त्याचाच टोल? इकडं टोल लावताना लोकांना विचारतात का काही?

झालं! साहेबांनी चष्मा काढला. साहेबांनी चष्मा काढला की किमान वीस मिनिटं, तुम्हाला माहीत आहे. सगळी हयात रस्ते बांधण्यात गेलेली, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. गल्लीत खड्डा पडला तर तो का पडला ते अर्धा तास सांगतात, खड्डा आपला तिथंच. म्हणाले, "विचारतात की बेटा! जमीन घ्यायची झाली की नोटिफिकेशन निघतं, २१ दिवस हरकतींना असतात. मोठा नवा हायवे असला की पर्यावरणाची जनसुनावणी असते. सिस्टिम आहे आपल्याकडं."

सोनू म्हणते कशी, "ते जमिनीचं झालं काका, आणि झाडापाण्याचं. टोलचं काय? नाका कुठं बसवायचा, किती घ्यायचे, किती वर्षं घ्यायचे, आणि जो रस्ता पहिल्यापासून आहेच त्यावर घ्यायचाच का, हे कुणाला विचारतात?"

साहेब म्हणाले, "ते राजपत्रात प्रसिद्ध होतं."

आणि वहिनी, तेवढ्यात त्यांच्या सौ. कलशाचा तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. तशाच थांबल्या आणि म्हणाल्या, "आपला पेपरवाला टाकतो का हो राजपत्र? सांगते त्याला, रविवारच्या पुरवणीबरोबर टाकत जा म्हणून."

बैठक अशी हसली, अशी हसली! साहेबांनी चष्मा परत घातला. घालून परत काढला.

तर काय सांगत होते, सोनूचा पूल. म्हणजे तिचा नव्हे, तिकडचा. ५२० नंबरचा रस्ता आहे म्हणे, आणि त्याचा पूल तलावावर तरंगतो. होय हो, तरंगतो! मलाही खोटं वाटलं, तिनं फोनवर फोटो दाखवला. १९६३ साली पूल झाला, तेव्हा टोल बसवला. पैसे फिटले, आणि १९७९ साली टोल उठवला. ऐकताय ना? फिटले म्हणून उठवला. इथं बैठकीत एकानं हळूच विचारलं, असं करतात होय? पुढं तो पूल म्हातारा झाला. वादळवाऱ्यात बंद ठेवायची पाळी यायला लागली. नवीन बांधायला पैसा पाहिजे, तर जुन्या पुलावर आधी टोल लावू, म्हणजे नव्याची पुंजी जमेल, असा बेत निघाला. आपल्यासारखंच की. आयता रस्ता, वर टोल.

फक्त त्यांनी आधी काय केलं, २००८ साली तिघांची एक कमिटी नेमली. तिचं कामच मुळी गावोगाव बसायचं आणि लोकांना विचारायचं. या एकाच पुलावर लावू, का शेजारच्या आय-नव्वदच्या पुलावरही? गर्दीच्या वेळी जास्त घेऊ का? इथं टोल बसला तर गाड्या वळसा घालून कुणाच्या दारावरनं जातील? सोनूचं नुकतंच लग्न झालं होतं. जावई म्हणाले, चल, हॉलमध्ये मीटिंग आहे, आणि कॉफी फुकट आहे. ही कॉफीसाठी गेली. मोठमोठे नकाशे लावलेले, प्रत्येक नकाशापाशी एक माणूस उभा, आणि कुणीही जाऊन त्याला विचारायचं. एक आजीबाई म्हणे नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवून उभीच राहिली, हललीच नाही. त्यांचा माणूस तिच्यासमोर वाकून, वही काढून लिहून घेतोय.

हे ऐकताना आमच्या ह्यांच्या तोंडाकडं मी बघत होते. वाकून लिहून घेतोय म्हटल्यावर त्यांचा आ वासला तो मिटेना.

आणि मग टोल कधी सुरू झाला, तर २०११ च्या डिसेंबरात, २९ तारखेला. नाका नाही, दांडी नाही, कुणी थांबवायचं नाही. वर कॅमेरे, पास नसला तर नंबरप्लेटवरनं बिल घरी. पास असला तर गर्दीच्या वेळी साडेतीन डॉलर एका खेपेला. लगेच निम्मं गाव आय-नव्वदवरनं जायला लागलं, ती पण.

साहेब याच क्षणाची वाट बघत होते. टाळीच वाजवली. "म्हणजे विचारून विचारून शेवटी लावलाच ना? तीन वर्षं कॉफी पाजली आणि पैसे घेतलेच ना? मग फरक काय?"

सोनूला पटकन बोलता येईना. आणि खरं सांगू, मलाही क्षणभर वाटलं, म्हातारा बरोबर बोलतोय...

पण मग तिथं विषय निघाला आपला. निघणारच होता. कोल्हापुरात चार माणसं बसली आणि टोल म्हटलं की गाडी तिथंच येणार. दोन हजार आठच्या सुमाराचा तो करार, महापालिका, ते रस्ते विकास महामंडळ आणि ती कंपनी. नाव कशाला घेऊ, ज्याला त्याला ठाऊक आहे. २२० कोटींचे रस्ते, सगळे मिळून जवळजवळ ५० किलोमीटर. बदल्यात ३० वर्षं टोल, वर टेंबलाईवाडीचा प्लॉट ९९ वर्षांसाठी. ३० वर्षं! सोनूनं विचारलं, हायवे होता का गं तो, मावशी? म्हटलं, कुठला हायवे! आपले गावातले रस्ते. ज्यावरनं तुझा आजा सायकलवरनं मिलला जायचा, ज्यावरनं तुझी आई शाळेला गेली, तेच. आपल्याच अंगणातनं जायला भाडं!

आणि नऊ नाके, वहिनी. शिरोली, उचगाव, सरनोबतवाडी, कळंबा, फुलेवाडी, आर. के. नगर, शिये... तुम्ही तेव्हा नाशिकला होता, तुम्हाला काय कल्पना. गाव म्हणजे असं वेढलं होतं की बाहेरनं आत यायला टोल, आतनं बाहेर जायला टोल. माझी नणंद उचगावला. तिच्याकडं बारशाला जायचं म्हटलं तरी आमचे हे आधी हिशोब मांडायचे. ती पण खमकी, म्हणाली, वहिनी, आहेर नको, टोल तेवढा घालून या.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा कुणी बोललं नाही का? तर तीच गंमत आहे. रस्ते होत होते तेव्हा आम्ही सगळ्या खूश! मी स्वतः, या तोंडानं, ह्यांना म्हणालेय, बघा तरी कसा गुळगुळीत झालाय, स्कूटरवर पदर सावरावा लागत नाही. कुणी केला, कसा केला, पैसे कोण देणार, एका अक्षरानं विचारलं नाही. महापालिकेच्या सभेत हात वर झाले असतील, कागदांवर सह्या झाल्या असतील, पेपरात एका कोपऱ्यात आलंही असेल. आपण त्या पेपरावर शेंगा सोलल्या. टोल म्हणजे काय ते कळलं, नाक्याची शेड उभी राहिली तेव्हा.

आणि ते हळदीकुंकू आठवतं मला. आपल्या वॉर्डातल्या त्या माजी नगरसेविकाबाई... नको, नाव नको, भिंतीला कान आहेत आणि गॅलरीत तर दोन आहेत. तर त्या आल्या तिळगूळ घ्यायला. बायका आधी गप्प. मग कोपऱ्यातल्या आमच्या म्हाताऱ्या मावशी, ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून आवाज मोठा, भर बायकांत विचारतात, "काय गं, तू हात वर केलास तेव्हा वाचलं होतंस का त्यात काय लिहिलंय ते?" बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी केला मावशी, मग मी पण केला." मावशी म्हणाल्या, "आँ? काय म्हणाली?" आणि बाईंना तेच वाक्य परत, मोठ्यानं म्हणावं लागलं. अहो, तोंड असं पडलं की तिळगुळाचा लाडू तोंडात तसाच. वाण विसरून गेल्या.

तर काय सांगत होते... हां, लोक उठले ते. एन. डी. सर! वय ८० च्या वर, पायानं धड चालवत नाही, काठी टेकत मोर्चात. आणि गोविंदराव पानसरे. दोघं म्हातारे पुढं आणि मागं सगळा गाव, डावे काय नि उजवे काय, पैलवान काय नि प्राध्यापक काय. बरं, एन. डी. सरांच्या माई म्हणजे शरद पवारांची सख्खी बहीण, ते काय मी सांगायला पाहिजे? आणि राज्यात सरकार कुणाचं, तर मेहुण्यांच्या पक्षाचंही. तरी हा माणूस रस्त्यावर! आमच्या भजनी मंडळात तेव्हा एकच चर्चा, भाऊबीजेला काय बोलत असतील हो हे दोघं? कुणी म्हणायचं, बोलतच नसतील. कुणी म्हणायचं, छे, राजकारण दाराबाहेर काढून ठेवतात, चपलांबरोबर. मला दुसरं खरं वाटतं.

गाड्यांवर स्टिकर लागले, टोल देणार नाही म्हणून. आमच्या गाडीवरही होतं, अजून त्याचा डिंक जात नाही काचेवरनं. २०१३ च्या ऑक्टोबरात पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली, आणि मग रोजची खडाजंगी. काच वर करायची, सरळ समोर बघायचं, हॉर्न द्यायचा. आमचे हे तर आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलले नाहीत, ते फुलेवाडीच्या नाक्यावर त्या पोराला म्हणाले, "बाळ, तुझा दोष नाही, पण दांडी वर कर." पोरगं पण आपलंच, कुठल्याशा खेड्यातलं, नोकरीला लागलेलं. घाबरून दांडी वर केली. घरी आल्यावर हे दोन ग्लास पाणी प्याले आणि रात्री मला म्हणाले, त्या पोराचा पगार कापतील का गं? झोप नाही त्यांना त्या रात्री.

जाळपोळ झाली ती २०१४ च्या जानेवारीत. मंत्र्यांनी सांगितलं टोल गेला, लोकांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर वसुली चालूच! मग काय, भडकलेच लोक. एकामागं एक नाके पेटले. मी म्हणत नाही बरं झालं. जाळायला नको होतं. पण त्या रात्री आपल्याच गल्लीतला एक जण घरी आला, आता तो मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, सांगत नाही कोण, त्याच्या आईनं त्याचा शर्ट दोनदा धुतला आणि दोरीवर न घालता आत बाथरूममध्ये वाळत घातला. मला कसं कळलं? अहो, मीच तिला नीळ दिली की.

मध्ये कोर्टानं टोल थांबवला, परत सुरू झाला, परत मोर्चे. आणि मग पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पानसरेंवर गोळ्या झाडल्या. सकाळी फिरायला गेले होते नवरा-बायको. १६ तारखेला, आणि २० ला गेले...

त्याबद्दल काल कुणी बोललं नाही. एकदम गप्प झाली बैठक. साहेबसुद्धा खाली बघत होते. पुढच्या मोर्चात एन. डी. सर एकटेच पुढं होते, तेव्हा मी गच्चीवरनं बघितलं होतं त्यांना. दुसरी काठीच गेली त्यांची, असं वाटलं. आता तेही नाहीत. २०२२ च्या जानेवारीत गेले.

असो. तुमचा कुकर झाला वाटतं, तिसरी शिट्टी... चौथी घ्यायची का? बरं, घ्या, तोवर सांगते.

२०१५ संपता संपता टोल गेल्याची घोषणा झाली, मग कागदोपत्री पण गेला. गुलाल! तीन दिवस गाव गुलाबी. काल मी हे सोनूला अगदी रंगवून सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, बघ, आम्हाला आधी कुणी विचारलं नाही, पण आम्ही एक पैसा न देता टोल घालवला की नाही!

आणि साहेब हळूच म्हणाले, "एक पैसा न देता? सरकारनं कंपनीला साडेचारशे कोटींच्या वर द्यायचं ठरवलं ते कुठून आले? तुमच्या-माझ्या खिशातनंच ना? २२० कोटींचे रस्ते आणि साडेचारशेची सुटका."

वहिनी, आता चेहरा पडायची पाळी माझी होती. सौ.नी चटकन माझ्या हातात पंचामृताची वाटी दिली, घ्या म्हणाल्या, उगीच. बाई चांगली आहे हो, नवऱ्यापेक्षा.

पण सोनूनं सोडलं नाही! मला म्हणाली, थांब मावशी. साहेबांच्या समोर मोडा ओढला आणि बसली. म्हणाली, "काका, तुम्ही मघाशी विचारलंत ना, फरक काय? तर ऐका आता मर्सर आयलंडची गोष्ट."

त्या तलावाच्या मधोमध एक बेट आहे म्हणे. २२ हजारांच्या वर वस्ती. आणि बेटावरनं बाहेर पडायला रस्ता एकच, तोच आय-नव्वद. ज्यावर टोल नव्हता. आता ५२० च्या नव्या पुलाला पैसे कमी पडले, थोडेथोडके नव्हेत, १४० कोटी डॉलर. तेव्हा सरकारला वाटलं, चला, आय-नव्वदवरही टोल लावू. २०१३ ची गोष्ट. परत मीटिंगा लावल्या. बेटावर मीटिंग होती त्या दिवशी हॉलला पाय ठेवायला जागा नाही. आता बेटावरचे लोक म्हणजे गरीब नव्हेत हं! मायक्रोसॉफ्ट काढली त्या दोघांतला एक, पॉल ॲलन, तिथंच राहायचा. म्हणजे टोल परवडत नाही असं कुणाचंच नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की, आम्हाला दुसरी वाटच नाही. दूध आणायला, पोराला डॉक्टरकडं न्यायला, म्हातारीला भेटायला, प्रत्येक वेळी पैसे मोजूनच घराबाहेर पडायचं का?

मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या आर. के. नगरवाल्यांचं वाक्य!

"तेच तर," सोनू म्हणाली. "वाक्य तेच. पण तिथं ते लिहून घेतलं. पत्रं, ईमेल, ढिगानं आली. आधी सरकार छोटा अभ्यास करून मोकळं होणार होतं, तो मोठा करावा लागला. रस्त्याकाठी राहणाऱ्यांवर काय परिणाम होईल ते सगळं मांडा म्हणून. ते मांडता मांडता बेत बारगळला. एक दगड पडला नाही काका, आणि कुणाला नुकसानभरपाईही द्यावी लागली नाही, कारण करारच झाला नव्हता. करार करायच्या आधी विचारलं होतं."

करार करायच्या आधी. हे ती इंग्रजीत पण म्हणाली, बिफोर, बिफोर, दोनदा, बोट आपटून. पंचपाळ हललं.

साहेब गप्प. मग म्हणाले, "आपल्याकडं असं विचारत बसलो तर एक रस्ता होणार नाही." पण आवाज उतरला होता. आणि खरं तर त्यांचंही थोडं खरं आहे, मी काही अगदीच एकांगी नाही. आपल्याकडं गणपतीच्या वर्गणीची मीटिंग रात्री दीडपर्यंत चालते आणि शेवटी मागच्या वर्षीचाच आकडा ठरतो. शिवाय श्रीमंतांचं बेट होतं म्हणून तर पत्रं वाचली नसतील ना, ही शंका मला आलीच. फुलेवाडीच्या नाक्यापलीकडनं भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं पत्र लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं? तिला मोर्चातच यावं लागलं. पाटी घेऊनच आली होती ती, मेथी होती त्यात. मोर्चा संपेपर्यंत विकली गेली सगळी.

तेवढ्यात आमच्या ह्यांना सुरसुरी आली. यांचं डोकं बारीकसारीक नियमांत चालतं. म्हणाले, नॅशनल हायवेचा तो २००८ चा नियम आहे ना, दोन नाक्यांत साधारण ६० किलोमीटर अंतर पाहिजे, आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला महिन्याचा पास. म्हणजे कुणीतरी बसून २० हा आकडा ठरवला असेल की नाही? मग एकविसाव्या किलोमीटरवर जो राहतो, त्याला कुणी विचारलं? साहेब म्हणाले, कुठंतरी रेघ मारावी लागतेच. हे म्हणाले, तेच म्हणतो मी, रेघ मारताना आमच्या गावावर बोट ठेवायला आम्हाला बोलवा. त्या आजीबाईसारखं. अहो, माझा नवरा असं बोलतो हे मला काल कळलं! बत्तीस वर्षं झाली लग्नाला.

पण खरी मजा तर पुढंच. गुरुजी आले, पूजा सुरू झाली, कथा चौथ्या अध्यायाला आली. तुम्हाला माहीत आहे ना, साधुवाणी, नाव भरलेली, आणि विचारल्यावर खोटं बोलतो की नुसता पालापाचोळा आहे म्हणून. माझ्या शेजारी सौ. बसल्या होत्या. हळूच कलल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आमचे हे पण साधुवाणीच."

म्हटलं, काय हो?

म्हणाल्या, "टोलच्या वेळी सगळ्यांना लेक्चर देत होते ना, टोल भरलाच पाहिजे, डेव्हलपमेंट आहे म्हणून? भरला का कधी? अहो, शेतावर जाताना नाका चुकवायला पाणंदीनं गाडी घालायचे. एकदा चाक रुतलं चिखलात. ट्रॅक्टरनं ओढून काढलं, ट्रॅक्टरवाल्यानं तीनशे घेतले. टोल वीसेक रुपयांचा होता!"

मला हसू आवरेना. गुरुजींनी बघितलं. तोंडात पदर कोंबला, डोळ्यांत पाणी. साहेब तिकडनं बघतायत, हात जोडलेले, आणि त्यांना कळलं, वहिनी, बरोबर कळलं बायकोनं काय सांगितलं ते! कान असे लाल झाले... आरती होईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही. शिरा वाढताना सोनूला मात्र दोन द्रोण दिले आणि म्हणाले, "बेटा, ती नकाशापाशी माणसं उभी करायची पद्धत, त्याचं काही छापलेलं असेल तर मला पाठव." आता बोला!

गेले वाटतं आत... नाही नाही, आहेत. पान उलटलं फक्त.

बरं, तुम्हाला मुद्दाम हाक मारली ते निराळंच. आज सकाळी हे पोह्याचं पुडकं सोडलं, तर कागदावर ही नोटीस, बघा. एवढ्याशा अक्षरात. कुठल्याशा रस्त्याच्या रुंदीकरणाची दिसतेय, हरकती व सूचना असतील तर लेखी द्याव्यात म्हणून. गावाचं नाव आहे तिथं तेलाचा डाग, आणि तारीख आहे तिथं दुकानदारानं नेमकं फाडलंय. माझ्या चष्म्यानं "दिवसांच्या आत" एवढंच लागतंय. किती दिवसांच्या, ते नाही. तुमच्याकडं गेल्या आठवड्याची रद्दी आहे ना अजून? घातली नाहीत ना? मग आणा की सगळी इकडं, आणि मुलाचं ते भिंग पण आणा. कुकर बंद करून या आधी.